समर्थ, कार्नाकी आणि बिब्ब्याच्या फुल्या

भुताच्या गोष्टी वाचणाऱ्या लोकांचे माझ्या मते दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकाराला भूत हवं असतं. वाडा, पिंपळ, अमावस्या, मागून येणारा पैंजणांचा आवाज, आणि शेवटच्या ओळीत कळणार की ज्याच्याशी इतका वेळ बोलत होतो तो तीन वर्षांपूर्वीच गेलाय. झालं, गोष्ट संपली, पांघरूण डोक्यावरून घ्या आणि झोपा.

दुसऱ्या प्रकाराला भूत चालतं, पण त्याचा खरा प्रश्न वेगळाच असतो : आता बोलवायचं कोणाला?

मी या दुसऱ्या प्रकारातला. नुसत्या भुताची गोष्ट मला अर्धवट वाटते. बग फाईल केलाय आणि असाइन कोणालाच केला नाही, तशी. मला ती गोष्ट आवडते ज्यात वाड्यातला हवालदिल झालेला माणूस चिठ्ठी लिहितो, आणि दोन दिवसांनी एक शांत माणूस छोटी बॅग घेऊन दारात उभा राहतो. तो चहा घेतो, सगळं ऐकून घेतो, आणि मग म्हणतो, चला, ती खोली दाखवा. तिथून पुढे मी पुस्तक खाली ठेवू शकत नाही.

इंग्रजीत या मंडळींना 'ऑकल्ट डिटेक्टिव्ह' म्हणतात. मराठीत नेमका शब्द नाही. मांत्रिक म्हणावं तर अपमान होतो आणि गुप्तहेर म्हणावं तर फौजदारी वाटते. तूर्तास 'भूतशोधक' म्हणू.

या घराण्याचे मूळपुरुष म्हणजे डॉ. मार्टिन हेसेलियस. आयरिश लेखक शेरिडन ल फानू याच्या १८७२ सालच्या 'इन अ ग्लास डार्कली' या पुस्तकातल्या गोष्टी या डॉक्टरांच्या कागदपत्रांतून आल्या आहेत असं दाखवलंय. त्यातली 'ग्रीन टी' जरूर वाचा. एका सज्जन पाद्र्याला एक काळं माकड दिसायला लागतं. दुसऱ्या कोणाला ते दिसत नाही. हेसेलियस सगळं ऐकून घेतात, धीर देतात, माकड परत आलं तर तडक मला बोलवा म्हणून सांगतात, आणि नीट विचार करता यावा म्हणून गावाबाहेरच्या एका शांत खाणावळीत जाऊन बसतात. निरोप वेळेवर पोचतच नाही. डॉक्टर परत येतात तोवर पाद्र्याने स्वतःला संपवलेलं असतं. यावर कळस म्हणजे, शेवटी डॉक्टर लिहितात की मी उपचार अजून सुरूच केले नव्हते, तेव्हा हा रुग्ण माझ्या अपयशात धरू नये. (आउटेज झाल्यावर 'आमच्या मॉड्यूलमुळे नाही' म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील :) ) पण ही गोष्ट वाचली की एक कळतं. या प्रकारच्या कथेत भीती भुताची जेवढी असते, तेवढीच बोलावलेला माणूस वेळेवर न येण्याची असते.

त्यानंतर १९०८ साली अल्जर्नन ब्लॅकवुडने डॉ. जॉन सायलेन्स आणला. हाही डॉक्टर, पण गडगंज, त्यामुळे फी घेत नाही. आणि मग माझा सगळ्यात लाडका, विल्यम होप हॉजसनचा थॉमस कार्नाकी. याच्या गोष्टी १९१० पासून मासिकात आल्या आणि १९१३ मध्ये पुस्तक निघालं. प्रत्येक गोष्टीची सुरुवात सारखीच. कार्नाकी लंडनमधल्या आपल्या घरी चार मित्रांना जेवायला बोलावतो. जेवताना केसबद्दल एक अक्षर बोलत नाही. जेवण झालं की खुर्चीत बसून, पाइप पेटवून, नुकतीच निपटलेली केस सांगतो. सांगून झालं की मित्रांना चक्क घराबाहेर काढतो. संपली बैठक.

कार्नाकी इंजिनिअर लोकांना का आवडावा? एक तर त्याच्याकडे यंत्रं आहेत. जमिनीवर खडूने रिंगण आखून तो थांबत नाही, तर बॅटरीवर चालणाऱ्या काचेच्या नळ्यांचं पंचकोनी कवच मांडून त्यात बसतो. दाराला सील लावतो, केस ताणून बांधतो, कॅमेरा लावतो. थोडक्यात, आधी लॉगिंग चालू करतो. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. त्याच्या सगळ्या केसेसमध्ये भूत निघत नाही! एका गोष्टीत चॅपेलमधला खंजीर आपोआप उडून माणसाला भोसकतो. कार्नाकी चिलखत घालून तिथे रात्र काढतो, आणि शेवटी निघतो काय, तर एक जुना यांत्रिक सापळा. दुसऱ्या एका गोष्टीत शिट्टी वाजवणारी खोली मात्र खरोखरच अमंगळ निघते, आणि ती पाडून जाळून टाकावी लागते. पान उलटताना आपल्याला ठाऊक नसतं की या वेळी काय निघणार. कार्नाकीलाही ठाऊक नसतं. तो ठरवून येत नाही, बघायला येतो.

आता आपल्याकडे वळू.

मी सांगलीचा. आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी उन्हात फिरायची बंदी, त्यामुळे वाचनालयातून आणलेली पुस्तकं हाच उद्योग. आणि त्या वयात वाचनालयात ज्या पुस्तकांची पाठपुठ्ठ्यापासून सुटून पार दैना झालेली असायची, ती हटकून नारायण धारपांची. धारप १९२५ साली जन्मले आणि २००८ साली गेले. मधल्या काळात त्यांनी मराठी घरांत किती रात्री दिवे चालू ठेवायला लावले याची मोजदाद नाही. धारपांच्या भूतशोधकाचं नाव समर्थ. गोष्ट बहुतेक वेळा अप्पा जोशी सांगणार, जसे होम्सच्या मागे वॉटसन. कोणाच्या तरी घरात काहीतरी शिरलेलं असतं, घरातली माणसं आतून पोखरली जात असतात, आणि मग समर्थांना हाक जाते.

नावाची गंमत बघा. सातारकरांना 'समर्थ' म्हटलं की आधी सज्जनगड आठवतो. माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे रामदासांचे श्लोक पाठ करून घेणारी आजी एका बाजूला आणि धारपांचं पुस्तक उशीखाली दुसऱ्या बाजूला. आजीला वाटायचं पोरगं समर्थांचं काहीतरी वाचतंय. खोटं काहीच नव्हतं :)

पण धारपांनी ते नाव ठेवलं यात मला खूप काही दिसतं. कार्नाकीकडे नळ्या आणि बॅटऱ्या, हेसेलियसकडे वैद्यकीचं ज्ञान, सायलेन्सकडे पैसा. आपल्या माणसाकडे काय? तर सामर्थ्य. तो येतो तोच मुळी आपल्यापेक्षा वरचा म्हणून येतो. कार्नाकी भुताला घाबरतो आणि तसं मित्रांना सांगतोही. समर्थ आले की वाचणाऱ्याला वाटतं, आता चिंता नाही. घरातलं कोणीतरी मोठं माणूस गावाहून परत आल्यासारखं. हा दिलासा फार मोठा आहे. आणि याच दिलाशात एक धोकाही आहे. त्याकडे मी येतोच.

आधी या कथांचं आकर्षण नेमकं काय, ते सांगतो. मला वाटतं, या गोष्टी भीतीला पद्धत देतात.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं तुम्ही ऐकली असतील. हळद साठवायला जमिनीखाली खणलेली मोठी कोठारं, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. बंद पेवात हवा खराब होते, उतरणारा माणूस गुदमरून मरू शकतो. यावर दोन तऱ्हेने वागता येतं. पेवात काहीतरी आहे, ते माणूस घेतं, असं म्हणून नारळ फोडायचा आणि उतरायचं. किंवा पेव उघडून काही तास तसंच ठेवायचं, दोरीला कंदील बांधून आत सोडायचा, आणि तो विझतो का बघायचं. माहितगार हमाल कंदील सोडतात. नारळ फोडायचा त्यांनी जरूर फोडावा, पण कंदील आधी.

भूतशोधक म्हणजे कंदील सोडणारा माणूस. घर थरथर कापत असताना तो विचारतो : पहिल्यांदा कधी झालं? तेव्हा घरात कोण कोण होतं? कोणत्या खोलीत होतं, कोणत्या खोलीत होत नाही? आमच्या धंद्यात रात्री तीन वाजता सर्व्हर झोपला की हेच प्रश्न विचारावे लागतात. शेवटचा बदल कोणी केला, कधी केला, आणि परत करून दाखवता येतं का? अज्ञाताचं भय त्या प्रश्नांनी लगेच संपत नाही, पण त्याला कडा येतात.

आता गंमत बघा. होम्ससारखा तर्ककठोर माणूस निर्माण करणारा आर्थर कॉनन डॉयल स्वतः मृतात्म्यांवर विश्वास ठेवायचा. दोन मुलींनी काढलेल्या पऱ्यांच्या फोटोंवर विश्वास ठेवून त्याने १९२२ साली 'द कमिंग ऑफ द फेअरीज' हे अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच काळात भोंदू माध्यमांचं पितळ उघडं पाडत कोण फिरत होता, तर जादूचे खेळ करणारा हुदिनी. म्हणजे डोकं लिहिणारा भोळा आणि हातचलाखी करणारा डोळस. कथा कोण लिहितो यावरून खऱ्या आयुष्यात तो काय करेल हे सांगता येत नाही. तसंच कथा कोण वाचतो यावरूनही नाही. मला भुताच्या गोष्टी आवडतात म्हटल्यावर 'म्हणजे तू मानतोस?' असं विचारणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

पण गंभीरपणे विचारायचं तर, खऱ्या आयुष्यात भूतशोधक असतो का?

असतो. आमच्याच भागात होता. आणि तोही डॉक्टरच.

नरेंद्र दाभोलकर १९४५ साली साताऱ्यात जन्मले. शाळा साताऱ्यात, कॉलेज सांगलीचं विलिंग्डन, आणि १९७० साली मिरजेच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस. कबड्डीचे नामांकित खेळाडू. (हॉजसन व्यायामशाळा चालवायचा, हा योगायोग उगीच सांगावासा वाटला.) काही वर्षं डॉक्टरकी केल्यावर ते सामाजिक कामात पडले आणि १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू झाली. आपल्याला टीव्हीवरचे वाद आठवतात, पण समितीच्या कार्यकर्त्यांचं एक मोठं काम गावोगाव, घरोघर आणि बिनबोभाट चालायचं. ते म्हणजे भानामती.

शहरात वाढलेल्यांसाठी थोडं सांगतो. भानामती म्हणजे घरात आपोआप काहीतरी व्हायला लागणं. दांडीवरचे कपडे फाटतात, पेट घेतात. जेवणात शेण निघतं. घरावर दगड पडतात. अंगावर काळ्या फुल्या उमटतात. या फुल्या म्हणजे तर भानामतीची सहीच. बिब्बा माहीत असेल तुम्हाला, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून वापरतात तो. त्याचं तेल कातडीला लागलं की आग होते, फोड येतो, काळा डाग पडतो. काडीने फुली काढा, काही वेळाने 'उमटते'. फुली भूत काढत नाही, घरातलं कोणीतरी काढतं.

इथे बहुतेक लोक थांबतात. 'म्हणजे घरातलंच कोणीतरी लबाडी करतंय, धरा आणि बदडा.' दाभोलकर आणि त्यांचे सहकारी इथून सुरुवात करायचे. कोण करतंय हे शोधायचंच, पण ते माणूस हे का करतंय? बहुतेक वेळा ते घरातलं सगळ्यात दबलेलं माणूस असतं. ज्याचं घरात कोणी ऐकत नाही, ज्याला बोलायला तोंड नाही. त्याची फुली ही तक्रार असते. त्यामुळे पद्धत अशी : सगळ्यांशी एकेकट्याने बोलायचं, त्या माणसापर्यंत पोचायचं, त्याला विश्वासात घेऊन थांबवायचं. आणि त्याचं नाव कोणालाही सांगायचं नाही.

हे मी पुस्तकात वाचायच्या आधी पाहिलंय.

१९९६ सालची सुट्टी. आजोळच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाड्यात आम्ही पोरंटोरं धरून अकरा माणसं. आधी दांडीवरची परकर-पोलकी फाटलेली सापडायला लागली. मग आजीच्या लुगड्याला भरदुपारी जाळ लागला. मग एकीच्या दंडावर फुली, दोन दिवसांनी दुसऱ्याच्या पाठीवर. आजोबांनी देवऋषी बोलावला. त्याने पहिल्यांदा कोंबडं मागितलं, आठवड्याने बोकड, आणि तिसऱ्या फेरीत मान हलवत म्हणाला की करणी आहे, आणि ती पलीकडच्या भिंतीकडून येतेय. पलीकडे एक विधवा बाई एकटी राहायची. आम्ही तिला काकी म्हणायचो, ती आम्हाला करवंदं आणून द्यायची. दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारावरून जायची आम्हाला बंदी झाली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्या पत्र्यावर दगड टाकले.

मला आठवतंय तोवर आम्हा पोरांना भुताची भीती वाटत होती. त्या दगडांच्या आवाजानंतर मोठ्या माणसांची वाटायला लागली.

धाकट्या मामाने साताऱ्याला जाऊन कोणाला तरी गाठलं आणि एक गृहस्थ स्कूटरवरून आले. साधा शर्ट-पँट, खांद्याला शबनम. मी धारप वाचून तयार होतो, त्यामुळे माझी निराशा झाली. हा माणूस समर्थांसारखा मुळीच दिसत नव्हता! त्यांनी चहा घेतला आणि आजोबांना म्हणाले, माजघर मोकळं करून द्या, मी सगळ्यांशी एकेकट्याने बोलणार. सगळ्यांशी म्हणजे सगळ्यांशी. गड्याशी, मामीशी, पोरांशीसुद्धा. मला त्यांनी विचारलं, कोणाशेजारी झोपतोस, घरात सगळ्यात जास्त बोलणी कोण खातं, तुला कोण आवडतं. भुताबद्दल एक प्रश्न नाही. तीनेक तास हे चाललं.

मग ते ओसरीवर आले आणि म्हणाले, आता हे थांबेल. आजोबांनी साहजिकच विचारलं, कोण होतं? ते म्हणाले, ते मी सांगणार नाही, पण चार गोष्टी करा. थोरल्या मामीला पंधरा दिवस माहेरी पाठवा. मामेबहिणीची सोडवलेली शाळा जूनमध्ये परत सुरू करा. गड्याचे थकलेले पैसे आजच्या आज द्या. आणि आजोबा, तुम्ही साताऱ्याला येऊन ब्लडप्रेशर तपासून घ्या, रागाचं काहीतरी बघू.

निघताना त्यांनी अजून एक केलं. आजीला म्हणाले, चला माझ्याबरोबर. आणि तिला घेऊन पलीकडे गेले, काकीच्या ओट्यावर बसले, आणि सगळी आळी बघत असताना दोघांनी तिच्या हातचा चहा घेतला.

भानामती थांबली. परत झाली नाही.

त्या चार सूचनांचा अर्थ मला कळायला बरीच वर्षं लागली. चार सूचना, चार माणसं. त्यातली एक कदाचित खऱ्या माणसासाठी होती, आणि बाकीच्या तिघांमागे त्याला लपवलं होतं. किंवा चारही खऱ्या होत्या, कारण त्या घरात गुदमरणारं माणूस एकच नव्हतं. आज आमच्या घरात कोणी तो विषय काढला की अंदाज सुरू होतात. मीही डोक्यात करून बघितलेत. पण विचारायचं म्हटलं तर ज्यांना विचारता येईल ती माणसं अजून आहेत, आणि मी विचारत नाही. अकरा जणांपैकी एकाने ते केलं आणि तो किंवा ती आज आमच्यातच, मान वर करून, लग्नाकार्यात पंगतीला बसतोय. हेच त्या माणसाच्या कामाचं फळ.

इथे मला कार्नाकी अपुरा वाटतो. केस संपली की तो चार मित्रांना जेवायला बोलावून सगळं सांगतो. सांगितल्याशिवाय गोष्ट होत नाही, आणि आपण ती पाचव्या खुर्चीत बसून ऐकतो. खऱ्या भूतशोधकाचं कौशल्य मात्र न सांगण्यात आहे. त्याच्या सगळ्यात चांगल्या केसची गोष्टच होत नाही.

आता तो धोका, ज्याचा मघाशी उल्लेख केला.

जून २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये एकाच कुटुंबातली नऊ माणसं दोन घरांत मृत सापडली. दोघे भाऊ, त्यांची बायकामुलं, आई. शिकलेली, नोकरदार माणसं. आधी वाटलं कर्जापायी आत्महत्या. चिठ्ठ्यांत सावकारांची नावं होती, त्यांना अटकही झाली. आठवड्याभरात पोलिसांनी सांगितलं की हा खून आहे. आरोप असा की एका मांत्रिकाने गुप्तधन काढून देतो म्हणून या कुटुंबाकडून मोठी रक्कम उकळली होती, आणि पैसे परत मागितल्यावर विष देऊन सगळ्यांना संपवलं. त्याला आणि त्याच्या साथीदाराला अटक झाली.

गुप्तधन म्हटलं की आपल्याला 'तुंबाड' आठवतो, २०१८ चा. त्याचं मूळ सुचलं तेही धारपांच्या कथेवरून. पडद्यावर लोभाची ती गोष्ट बघताना मजा येते. पण म्हैसाळची बातमी वाचताना मला हस्तर नाही आठवला. आठवलं ते दार. हवालदिल झालेलं घर, आणि दारात उभा असलेला शांत माणूस, छोटी बॅग घेऊन. नेमका माझा आवडता प्रसंग! समर्थ आणि भोंदू एकाच दारातून येतात, एकाच सुरात धीर देतात, आणि पहिला चहा दोघंही घेतात. घरातल्या माणसाला त्या क्षणी फरक कळावा कसा?

यावर 'शिकलेल्या लोकांना कळायला नको?' असं म्हणणं फार सोपं आहे. कर्जाचे हप्ते चुकायला लागले की शिक्षण माणसाला धीर देत नाही, आणि 'सगळं ठीक होईल' असं छातीठोकपणे म्हणणारा माणूस लागतो. आपण आयटीवाले एकदम वेगळे आहोत अशा भ्रमात राहू नका. खात्रीचा परतावा सांगणाऱ्या ॲपमध्ये पैसे घालून बसलेले महाभाग प्रत्येक ऑफिसात असतात. तेही गुप्तधनच, फक्त खणायचं मोबाइलवर.

तर फरक कसा ओळखायचा? मी या कथा इतकी वर्षं वाचतोय, आणि मला वाटतं उत्तर त्यांच्यातच आहे.

एक, पैसा. सायलेन्स फी घेत नाही. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी स्कूटरच्या पेट्रोलचेही घेतले नाहीत. भोंदूची मागणी मात्र कोंबडं, बोकड अशी चढत जाते.

दोन, 'इथे काही नाही' म्हणायची तयारी. कार्नाकी सापळा सापडला की सापळा म्हणतो. प्रत्येक घरात ज्याला भूतच सापडतं, तो शोधायला आलेलाच नाही.

तीन, बोट. भोंदूचं बोट शेवटी कोणाकडे तरी वळतं, आणि ते नेहमी एकट्या, गरीब, बोलू न शकणाऱ्या माणसाकडे वळतं. खरा शोधक उत्तर माहीत असूनही बोट उचलत नाही.

चार, सामर्थ्य. हे मला धारपांच्या चाहत्याला लिहिताना जड जातंय, पण लिहितो. कथेत समर्थांचं सामर्थ्य मला हवंच असतं. खऱ्या आयुष्यात जो स्वतःला समर्थ म्हणवतो त्याच्यापासून लांब राहावं. तिथे कंदीलवाला बघावा, ज्याला आत काय आहे हे अजून माहीत नाही आणि जो ते कबूल करतो.

दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात पुलावर गोळ्या घालून हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते त्याचा अध्यादेश चार दिवसांत निघाला, आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. पावणेअकरा वर्षांनी. हेसेलियसच्या गोष्टीत निरोप उशिरा पोचतो तेव्हा आपण चुकचुकतो. इथे तर निरोप घेऊन जाणाऱ्यालाच मारलं.

आता एक गोष्ट सांगतो जी बहुतेकांना माहीत नसते. या कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. गुप्तधनाच्या नावाने फसवणूक, भूत उतरवायच्या नावाने मारहाण, एखाद्या बाईला चेटकीण ठरवणं, अशा प्रकारांकडे लक्ष ठेवायला निरीक्षकाच्या दर्जाचा पोलीस अधिकारी नेमायचा. म्हणजे बघा, लंडनने कार्नाकी कथेत ठेवला, महाराष्ट्राने त्याला कायद्याच्या कलमात बसवलाय! त्याला इलेक्ट्रिक नळ्या मिळत नाहीत आणि जेवायला चार मित्र येत नाहीत, पण गुन्हा नोंदवायचा अधिकार आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. तुमच्या गावाकडच्या घरी कोणी 'पलीकडच्या भिंतीकडून येतंय' म्हणायला लागलं, तर बोलवायचं कोणाला, याचं हे एक उत्तर. लक्षात असू द्या.

बाकी वाचन सोडायचं काही कारण नाही. 'ग्रीन टी' आणि कार्नाकी दोन्ही कॉपीराइटमधून सुटलेत, जालावर फुकट मिळतात. धारपांच्या नव्या आवृत्त्या निघाल्यात, विकत घ्या, कारण वाचनालयातली जुनी प्रत अर्ध्यावर पानं सोडते आणि ती नेमकी समर्थ यायच्या आधीची असतात. पुढच्या विकांताला मतकरींच्या 'खेकडा'वर लिहायचा विचार आहे. त्यात मात्र कोणी सोडवायला येत नाही, तेव्हा दिवसाउजेडी वाचा.